ऊसतोडीच्या लेकरांना विज्ञानाची खेळणी द्यायचीत? पैसे असे जमवा

आधी झेडपी शाळेतल्या सरांना, मॅडमला भेटा. बीडकडची बरीच कुटुंबं दिवाळीच्या आसपास कारखान्याला जातात, काही लेकरं आईबापासोबत फडावर तर काही हंगामी वसतिगृहात, म्हणून वाटप दसऱ्याच्या आधीच उरकायचं म्हणजे खेळणं त्यांच्यासोबत जातं.

पैसे मागायच्या आधी एक संच स्वतः बनवा. सेल, चुंबक, तांब्याची इनॅमल तार, दोन सेफ्टी पिना, झाली मोटर! तारेचं एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त एका बाजूनं, नाहीतर ती फिरत नाही. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर अशी ढीगभर खेळणी फुकट बघायला मिळतात. एक भिंगपण टाका. बारके चुंबक आणि बटन सेल मात्र नकोच, घरात लहान भावंडं असतात, गिळलं तर जिवावर बेततं.

आता त्या फिरणाऱ्या मोटरचा छोटा व्हिडिओ गावाच्या, दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि थेट सांगा, एका लेकराच्या संचाला इतका खर्च, तुम्ही किती लेकरांचा देता? नुसतं 'मदत करा' म्हटलं की लोकं हात जोडून मोकळे होतात. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्यांना तर फोनच करा.

पैसे शक्यतो आयकर खात्याची देणगी-सवलतीची मान्यता असलेल्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात घ्या, करसवलतीची पावती देता येते (रोख २००० च्या वर असेल तर सवलत नाही, यूपीआयच बरं). बिलं दर आठवड्याला ग्रुपवर. लेकरांचे केविलवाणे फोटो टाकून पैसे मागू नका, प्लीज. थोडे पैसे जादा सेलसाठी ठेवा, ते लवकर संपतात.