सोलापूरहून नळदुर्ग: किल्ला नीट कसा पाहावा

नळदुर्गला जाताना पहिला प्रश्न नर-मादी धबधब्यांचा असतो, आणि तिथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. सोलापुरात पाऊस झाला म्हणून धबधबा सुरू होत नाही. बोरी नदीवर किल्ल्याच्या वरच्या अंगाला धरण आहे. ते भरून सांडवा वाहू लागला, की मगच पाणी किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून कोसळतं. साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ. तरी ‘बोरी धरण भरलं’ ही बातमी आल्याशिवाय फक्त पाण्यासाठी निघू नका.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर साधारण ४५ किलोमीटर अंतर आहे. उमरग्याकडे जाणारी एसटी चालते. नळदुर्गला उतरून गावातून किल्ल्याकडे जायचं. आत जायला तिकीट आहे. सकाळी लवकर पोहोचा, माणशी दोन लिटर पाणी घ्या. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर असली की दुपारी जेवणासाठी परत बाहेर यायला नको.

हुलमुख दरवाजातून शिरताना घाई करू नका. वाट तटांमधून वळत जाते ती मुद्दाम. शत्रूला दरवाजावर सरळ धडक देता येऊ नये म्हणून.

पुढचा क्रम ऋतूवर ठरवा. हिवाळ्या-उन्हाळ्यात आधी उपळ्या बुरूज. पायऱ्या उंच आहेत आणि काळा दगड दहानंतर तापतो. वर हत्ती आणि मगर या दोन लांब तोफा आहेत, आणि तिथून बोरीचं वळण व पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला एका नजरेत येतो. तो बंधाऱ्याने किल्ल्याला जोडलेला आहे, हे एकदा वरून पाहिलं की बाकीचा किल्ला आपोआप कळतो. नऊ पाकळ्यांचा बुरूजही चुकवू नका.

पाणी महाल दुपारसाठी ठेवा, आत गारवा असतो. पावसाळ्यात रविवारी मात्र उलट करा: आधी महाल, नाहीतर अरुंद जिन्यात गर्दी तुंबते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बंधाऱ्याच्या पोटातच हा महाल बांधला. पाणी डोक्यावरून पुढे झेपावतं आणि सज्जातला माणूस कोरडा राहतो. या एका कल्पनेसाठी ४५ किलोमीटर यावं. शेवाळलेल्या पायऱ्यांवर गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास घसरते, म्हणून खाचांचे बूट घाला. लोंढा जास्त असेल तेव्हा आत सोडत नाहीत. तिथे वाद न घालता समोरच्या काठावरून पाहा.

तुळजापूर त्याच दिवशी कोंबू नका, दोन्ही अर्धवट राहतं. वेळ उरलाच तर मैलारपूरच्या खंडोबाला जा. पण देवाची मूर्ती इथे पावणेदोन महिनेच असते आणि उरलेले सव्वादहा महिने अणदूरला, तेव्हा दर्शनच हवं असेल तर आधी विचारून घ्या. पौष पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. त्या दिवशी किल्ल्याचा बेत ठेवू नका.