लाकडी फ्लोअर घरीच घासताय? मग आधी माझ्या चुका वाचा

न्यू जर्सीत घर घेतलं, १९५०च्या दशकातलं, कार्पेट उचकटलं तर खाली चक्क रेड ओकच्या पट्ट्या. आपण शहाबादी फरशीवर वाढलेली माणसं, फरशी घासायची म्हणजे खराटा आणि वॉशिंग सोडा एवढंच माहीत, पण इथे घासणं म्हणजे सँडपेपरच्या मशीनने जुना थर काढून नवं पॉलिश लावणं. त्याचा कॉन्ट्रॅक्टरचा आकडा ऐकला आणि म्हटलं आपणच करू. मग जवळपास सगळ्या चुका केल्या, त्यातून शिकलेलं लिहितोय.

मशीन आणायच्या आधी हीटिंगची जमिनीतली जाळी उचलून फळीची जाडी बघा. पाऊण इंची फळी असेल तर फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचेच्या वर साधारण पाव इंचच घासायला मिळतं, आणि आधीच्या मालकांनी दोनतीनदा घासलेली असेल तर त्याहून कमी. वर आलेले खिळे पंचने आत ठोका, नाहीतर पेपर फाटतो आणि ठिणगी पण उडते. घर १९७८च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते तपासून घ्या, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

आता ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या ड्रमवर सँडपेपर लावलेलं मोठं मशीन. हे धूड पुढे ओढतं, पहिल्यांदा धरलं की नाकी नऊ येतात. ड्रम फिरत असताना मशीन एका जागी थांबलं की खड्डा पडलाच, म्हणून चालायला लागल्यावर ड्रम हळूच खाली टेकवायचा आणि थांबायच्या आधी वर उचलायचा. माझा पहिला खड्डा हॉलच्या मधोमध आहे, आता त्यावर सोफा आहे. फळीच्या लांबीच्या दिशेनेच चाला, आडवं घासलेले ओरखडे काढताना जीव जातो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते ग्रिटमध्ये, म्हणजे सँडपेपरच्या नंबरात (आकडा लहान तेवढा पेपर खरखरीत). ३६ने जुनं पॉलिश काढलं, लाकूड छान पांढरट दिसायला लागलं, की वाटतं आता डायरेक्ट १००. नाही हो! ३६चे खोल ओरखडे १००चा पेपर काढूच शकत नाही, तो फक्त वरवर गुळगुळीत करतो, आणि कोरडं असताना काही दिसत नाही, पण स्टेन (लाकडाला द्यायचा रंग) किंवा पॉलिश लागलं की एकूण एक ओरखडा वर येतो. ३६, ६०, ८०, १०० असंच जायचं. प्रत्येक वेळी फ्लोअरवर पेन्सिलने फिकट रेघोट्या मारा, त्या सगळ्या गेल्या म्हणजे तो भाग घासला गेला. आणि रात्री लाईट बंद करून टॉर्च जमिनीलगत आडवा धरून बघा, दिवसा न दिसलेलं सगळं दिसतं. भिंतीकडेला एजर (कडा घासायचं छोटं गोल मशीन) चालवता त्याचे गोल गोल ओरखडे पण तेव्हाच कळतात, ते हाताने किंवा छोट्या ऑर्बिटल सँडरने काढायचे.

काळे डाग म्हणजे बहुतेक कुत्र्यामांजराची शू किंवा कुंडीखालचं पाणी. घासून जात नाहीत, आतपर्यंत मुरलेले असतात. ऑक्झॅलिक अॅसिडने कधी फिके होतात (ग्लोव्हज घाला, नंतर नीट धुवून पूर्ण वाळू द्या), नाहीतर फळी बदला. डाग घालवायच्या नादात तिथेच घासत बसाल तर डाग पण राहील आणि खड्डा पण.

पॉलियुरेथेन (वरचं पारदर्शक पॉलिश) लावताना बुडबुडे येतात कारण आपण डबा खोकल्याच्या औषधासारखा हलवतो. हलवू नका, काठीने सावकाश ढवळा. पंख्याचा झोत किंवा खिडकीतलं ऊन ओल्या कोटवर नको. पट्टे दिसतात ते कडा वाळू दिल्यामुळे, मध्ये चहाला उठायचं नाही, ओल्या कडेला पुढचा हात जोडत दाराकडे मागे मागे यायचं. आणि पापुद्रे निघाले तर खाली मेण, फर्निचर पॉलिश किंवा भुसा राहिलाय, किंवा दोन कोटमध्ये हलकं घासलेलं नाही. डब्यावर लिहिलेली वेळ पाळा, उन्हाळ्यात इथे दमट हवेत त्याहून जास्त लागते.

आणि हे विसरू नका: ऑइल स्टेनच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेटतात, खरंच. पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात टाका किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा. सँडरची भुशाची पिशवीसुद्धा रात्री घरात ठेवू नका, रिकामी करा.

हिवाळ्यात फळ्यांमध्ये फटी दिसल्या की फिलर भरायचा मोह होतो, भरू नका, हवा कोरडी म्हणून लाकूड आक्रसलंय, उन्हाळ्यात फुगेल तेव्हा फिलर बाहेर ढकलेल.

ऑइलबेस्ड कोटवर गालिचा महिनाभर नको. आमच्याकडे दुसऱ्याच आठवड्यात सत्यनारायण होता, चौरंगाच्या पायांना फेल्ट चिकटवलं, समईखाली ताट ठेवलं आणि भटजींना म्हटलं तांब्यातलं पाणी जरा जपून.