पोर्टलँडचं दीपगृह बघायला जाताय? नुसता फोटो काढून परत फिरू नका

आपल्या बडोद्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आता बॉस्टन नाहीतर न्यू जर्सीकडे आहेत, आणि उन्हाळा आला की आई-बाबा दोन-तीन महिने तिकडे जाऊन राहतात. मग नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन हे ठरलेलं फिरणं होतंच. माझं सांगणं एवढंच की त्यातला एक शनिवार-रविवार मेन राज्यातल्या, पोर्टलँड शहराला लागून असलेल्या केप एलिझाबेथ गावासाठी ठेवा, ते दीपगृह तिथेच आहे. बॉस्टनहून गाडीने साधारण दोन तास लागतात, आणि मुलांना सुट्टी नसेल तर बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून डाउनईस्टर नावाची ट्रेन थेट पोर्टलँडला जाते, अडीच तासाच्या आसपास, तिथून टॅक्सीने समुद्र अगदी जवळ आहे. न्यू जर्सीवाल्यांनी मात्र एका दिवसात जाऊन येऊन करू नये, पोर्टलँडला रात्र काढा.

रात्र काढायचं आणखी एक कारण आहे. दीपगृह ज्यात आहे ते फोर्ट विल्यम्स पार्क सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं. बडोद्याहून नुकतेच पोचलेले आई-बाबा पहिल्या आठवड्यात जेटलॅगमुळे तसेही पहाटे तीन-चारला उठून बसलेले असतात, मग घरात चहा करत बसण्यापेक्षा त्यांना तिकडे घेऊन जा ना. जूनमध्ये तिथे पाचच्या आसपास उजाडतं, सूर्य समुद्रातून वर येतो, आणि त्या वेळी तिथे थोडे फोटोवाले आणि कुत्रा फिरवायला आलेले गावकरी एवढेच असतात. दहानंतर टूरच्या बसेस यायला लागतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर क्रूझची गर्दी पण येते, तेव्हा दीपगृहासमोर नीट उभं राहायलाही जागा मिळत नाही.

पार्कात शिरायला तिकीट नाही. सीझनमध्ये पार्किंगचे पैसे पडतात, ते मशीनवर कार्डाने भरायचे. जागा ९० एकर आहे, पूर्वी ही लष्कराची छावणी होती, समुद्रावर नजर ठेवायला तोफा बसवलेल्या, त्यांचे चौथरे अजून दिसतात. गावाने १९६४ मध्ये ही जमीन विकत घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं, एवढ्या मोक्याच्या किनाऱ्यावर बंगले न होऊ देता लहानशा गावाने ती सांभाळली, आपल्याकडे महाराजांनी कमाटीबाग दिली तशी इथे लोकांनीच स्वतःला दिली म्हणा.

आता मुख्य दीपगृह, पोर्टलँड हेड लाइट. १० जानेवारी १७९१ ला पहिल्यांदा पेटलं, मेनमधलं सगळ्यात जुनं. जॉर्ज वॉशिंग्टन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि इकडे बडोद्याचा कारभार मानाजीराव गायकवाड बघत होते, म्हणजे किती जुनी गोष्ट आहे बघा. सुरुवातीला व्हेल माशाच्या तेलाचे दिवे होते, ते रोज भरायचे, वाती कापायच्या, काचा पुसायच्या, वादळ असो नाहीतर घरात कोणी आजारी असो. १९८९ मध्ये ते स्वयंचलित झालं आणि दिवेवाल्याची नोकरीच संपली. त्यांचं राहतं घर आता म्युझियम आहे, उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत उघडं असतं, छोटं आहे पण चुकवू नका, आधी म्युझियम बघून मग बाहेर आलात तर तोच मनोरा वेगळा दिसतो. मनोऱ्यावर चढायला एरवी देत नाहीत, सप्टेंबरमध्ये राज्यातली दीपगृहं लोकांसाठी उघडतात तो एक दिवस असतो, तेव्हा रांगेची तयारी ठेवा.

दीपगृहाच्या बाजूला खडकावर एका जहाजाचं नाव रंगवलेलं दिसेल, ते नक्की शोधा. ॲनी सी. मॅग्वायर नावाचं जहाज २४ डिसेंबर १८८६ च्या रात्री तिथेच, अगदी दाराशी म्हणावं असं, खडकावर आदळलं. दिवेवाले जोशुआ स्ट्राउट आणि त्यांच्या घरच्यांनी किनाऱ्यावरून जहाजापर्यंत शिडी आडवी टाकली आणि सगळ्यांना बाहेर काढलं, एकही माणूस गेला नाही. हे माहीत नसेल तर तो नुसता रंगवलेला दगड. नातवंडांना तिथे उभं करून ही गोष्ट सांगा. समोर पाण्यात आणखी एक दगडी दीपगृह दिसतं, रॅम आयलंड लेज, १९०५ चं, तिथे मात्र आपण जायचं नाही, लांबूनच बघायचं.

आणि हो, पार्कात मोठं हिरवं मैदान आहे, वारा कायम, लोक पतंग उडवतात. बडोद्याच्या माणसाला अजून काय पाहिजे! साधा दोरा न्या, काचेचा मांजा अजिबात नको.

फोटोसाठी मनोऱ्याच्या दक्षिणेकडची कड्यावरची पायवाट धरा, सकाळचं ऊन तिथून चांगलं पडतं. पण कुंपण ओलांडून खाली खडकांवर उतरू नका, हे मी जोर देऊन सांगते. तिथे भरती-ओहोटीत पाणी साधारण ९ फूट वर-खाली होतं. आपण कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव पाण्यात जाताना बघितलेली माणसं, भरती म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको, पण तिथे वाळू नाही, शेवाळलेले निसरडे कातळ आहेत आणि पाणी ऑगस्टमध्येही गार. निघायच्या आधी भरतीची वेळ फोनवर बघून ठेवा. शूज चांगल्या ग्रिपचे, चप्पल नको. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस किंवा फुल पँट बरी, कारण गवतात टिक नावाचा किडा असतो, तो चावला तर आजार होऊ शकतो, संध्याकाळी घरी आल्यावर पाय नीट तपासा. तीन-तीन पानांची चकचकीत झुडपं दिसली तर हात लावू नका, पॉयझन आयव्ही असते, अंगाला भयंकर खाज सुटते. आणि जुलै असला तरी विंडचीटर पाहिजेच.

इथून निघालात की घरी वळू नका. दहा-पंधरा मिनिटांवर टू लाइट्स, म्हणजे दोन दीपगृहांची जागा आहे आणि मला विचाराल तर अर्धा दिवस तिथेच द्यावा. तिथल्या स्टेट पार्कला थोडी एंट्री फी आहे. नावावरून वाटतं दोन्ही दीपगृहं पार्कात असतील, तसं नाही, ती जवळच रस्त्याच्या टोकाला आहेत, एक चालू आहे आणि दुसरं खासगी घर आहे, दोन्ही बाहेरूनच बघायची. १८२८ मध्ये पहिल्यांदा बांधली तेव्हा दोन बांधायचं कारण साधं होतं, अंधारात एकच दिवा दिसला तर तो पोर्टलँड हेडचा की इकडचा हे खलाशाला कसं कळणार? दोन दिसले की इकडचे. आत्ताचे लोखंडी मनोरे १८७४ चे आहेत, पश्चिमेकडचा दिवा १९२४ मध्ये बंद केला. १८८५ च्या जानेवारीत हिमवादळात मार्कस हॅना नावाच्या दिवेवाल्याने आजारी असताना बर्फाळ पाण्यात उतरून दोरी फेकून दोन खलाशांना वाचवलं ते इथेच.

इथल्या स्टेट पार्कातले खडक मात्र जवळून बघा, थरांवर थर, अगदी जुन्या लाकडासारख्या रेघा. कोरड्या, वरच्या खडकांवर आरामात बसता येतं. डबा इथेच उघडा. आजूबाजूला खायला मिळतं पण लॉबस्टरच जास्त, शाकाहारी मंडळींचे हाल होतात, म्हणून थेपले, छुंदा, लीलो चेवडो, थर्मासमध्ये चहा घरून आणा. सीगल पक्षी हातातला घास पळवतात, डबा उघडा ठेवू नका. कचरा पिशवीत भरून परत न्यायचा.

जून-जुलैमध्ये कधी कधी पूर्ण धुकं असतं, मनोरा शंभर पावलांवर असून दिसत नाही. म्हणून प्लॅन रद्द करू नका. त्या वेळी धुक्याचा भोंगा वाजू शकतो, फार मोठा आवाज आहे, लहान मुलांचे कान झाका आणि जरा लांब उभे राहा. बऱ्याचदा दुपारपर्यंत धुकं उठतं, तोवर म्युझियम बघून घ्या नाहीतर पोर्टलँडच्या जुन्या बंदर भागात फेरी मारून या. पार्किंगचे पैसे तासावर असतात, तेवढा हिशोब ठेवा.