मनोविकल आरोपीचा खटला पडद्यासाठी लिहिताना

मानसिक आजार आणि गुन्ह्याची जबाबदारी या विषयावर थरारक मालिका लिहायची असेल, तर आधी भारतीय न्याय संहितेचे कलम 22 वाचावे. जुन्या दंड संहितेत ते कलम 84 होते, त्यामुळे कथेतला गुन्हा 1 जुलै 2024 पूर्वीचा असल्यास वकिलाच्या तोंडी 84च घालावे. आरोपी आजारी होता, एवढे सिद्ध होऊन भागत नाही. आपण काय करतो आहोत, किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे, हे कळण्यास तो त्या आजारामुळे कृत्याच्या क्षणी असमर्थ होता का, हे न्यायालय पाहते. डॉक्टरांची जाडजूड फाइल पुढे आली आणि आरोपी सुटला, असा प्रसंग म्हणूनच लिहू नये.

गुजरातमधील एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली सांगितले की, त्या क्षणीची मनःस्थिती घटनेच्या आधीच्या, घटनेच्या वेळच्या आणि नंतरच्या परिस्थितीवरून ठरवावी. कथानक याच तीन टप्प्यांवर उभारावे, आणि तिसऱ्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. समजा, आरोपीने मोरीत कोयता धुतला. पुरावा पुसला म्हणजे त्याला सारे कळत होते, असे सरकारी वकील म्हणतील. पण धुतलेला कोयता त्याने नेहमीच्या खुंटीला अडकवला, रक्ताळलेला सदरा अंगावर तसाच ठेवला आणि दार सताड उघडे टाकून तो चहाचे आधण ठेवू लागला, हे बचाव पक्ष दाखवून देईल. वेडाचे सोंग घेणाऱ्या हुशार खुन्यापेक्षा (तो आता फारच शिळा झाला आहे) हा कोयता प्रेक्षकाला अधिक काळ छळतो.

मनोविकलता दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, मात्र सरकार पक्षाइतका काटेकोर पुरावा त्याला द्यावा लागत नाही. खटल्याच्या वेळी तो बचाव करण्यास सक्षम आहे का, हा प्रश्न वेगळा असून त्याची सुनावणीही वेगळी दाखवावी.

निकालाचा प्रसंग घाईने उरकू नये. या कारणावरून आरोपीला निर्दोष सोडताना, ते कृत्य त्याने केले की नाही, हे न्यायालयाला निकालात नमूद करावेच लागते. कृत्य त्यानेच केल्याचे ठरल्यास तो सरळ घरी जात नाही. न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवते, किंवा एखाद्या नातेवाइकाने वा मित्राने अर्ज करून, त्याची काळजी घेण्याची आणि त्याच्याकडून कोणाला इजा न होऊ देण्याची हमी दिल्यास त्यांच्या स्वाधीन करते. खून घरातच झाला असेल, तर त्या अर्जावर सही करणारी मुलगी मृत आईचीही मुलगी असते.