जुन्या घड्याळाचं मशीन केसबाहेर काढताना सगळा खेळ एका स्क्रूचा

मनगटी घड्याळ साफ करायला मशीन केसमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, कसं काढावं हे सांगणाऱ्या बऱ्याच सूचनांत मध्येच एक वाक्य असतं, ‘आता चावी ओढून काढा.’ चावी म्हणजे घड्याळाच्या कडेची फिरवायची घुंडी, ती आत जाणाऱ्या बारीक दांड्यावर बसलेली असते. ती नुसती ओढून निघत नाही, आधी सोडवावी लागते. पकडीत धरून हिसका दिला की चावी हातात येते आणि दांडा मोडून आत राहतो.

इथे धरलंय ते हातचावीचं घड्याळ. एचएमटी जनता आणि तिच्या जातकुळीतली बाकीची. एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं करायला सुरुवात केली, आणि त्या काळच्या जपानी-स्विस मशीनांत चावी धरून ठेवायची युक्ती साधारण अशीच असते.

मागच्या झाकणाच्या कडेला एकच खाच असेल तर ते दाबून बसवलेलं आहे, केस-नाइफने (झाकण उचकटायच्या बोथट, आखूड सुरीने) उचला. सगळीकडून खाचा असतील तर आट्यांचं आहे, रबरी चेंडू दाबून फिरवा. भाजीची सुरी नको. ती घसरली की थेट बॅलन्सवर, म्हणजे मागेपुढे हलणाऱ्या नाजूक चाकावर, जाते. मागे जोडच दिसत नसेल तर मशीन काचेच्या बाजूने निघतं. ते काम वेगळं, तिथे मागून उचकटत बसू नका.

मग स्प्रिंगचा ताण उतरवा. चावी दोन बोटांत घट्ट धरून किल्ली द्यायच्या दिशेने किंचित फिरवा, टोकदार लाकडी काडीने खटका (स्प्रिंगच्या चाकाला उलटं फिरू न देणारा छोटा तुकडा) बाजूला करा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी सरकू द्या. ती हातून सुटली तर स्प्रिंग एका झटक्यात उलगडते आणि चाकाच्या दात्यांवर बेतते.

आता दांडा. तो आत जातो त्या जागेजवळच एक छोटा स्क्रू दिसेल. तो मशीनवरची धातूची पट्टी धरून ठेवत नाही, खाली डायलच्या बाजूला असलेल्या सेटिंग लिव्हरच्या आट्यांत गेलेला असतो. लिव्हरची खुंटी दांड्याच्या खाचेत अडकलेली असते. स्क्रू सैल केला की लिव्हर खाली सरकतो आणि खुंटी खाचेतून सुटते. स्क्रू पूर्ण काढला तर लिव्हरला धरणारं काही उरत नाही. तो डायलखाली सुटा पडतो आणि परत बसवायला काटे, डायल सगळं उतरवावं लागतं. ‘तीन-चार फेऱ्या सोडा’ म्हणणाऱ्याने हे काम स्वतः केलेलं नाही, एवढं खुशाल समजा.

आधी चावी वेळ लावायच्या जागी ओढून ठेवा. नाहीतर किल्ली द्यायच्या जागेवरून ती एक खटका बाहेर आली की दांडा सुटला असं वाटतं, आणि तो सुटलेला नसतो. मग साधारण १ मि.मी. पात्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या. पातं खाचेत पूर्ण बसलं पाहिजे. अर्धी फेरी सोडा, चावी अलगद ओढून बघा. नाही आली तर आणखी अर्धी. सहसा एक ते दोन फेऱ्यांत दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर येतो. दोन फेऱ्यांनंतरही अडला तर स्क्रूला दोष देऊ नका, दांडा गंजलाय. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि घामाने हे हमखास होतं. सुईच्या टोकाने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब दांड्याच्या तोंडाशी द्या आणि रात्रभर ठेवा. फवारा मारू नका, तेल डायलवर पसरतं. अडलेली चावी उलटी फिरवून बघायचा मोहही टाळा, ती दांड्यावरच्या आट्यांतून निघून येते.

काही मशीनांत स्क्रूऐवजी दाबायचं छोटं बटण असतं. ते दिसत नसेल तर चावी वेळ लावायच्या जागी ओढून बघा, कधी कधी मग दिसतं. पात्याने सरळ, मशीनच्या पातळीपर्यंतच दाबा. खोल खुपसलं तर इथेही लिव्हर जागचा हलतो.

केसचे स्क्रू सहसा दोन, कडेला. डोकं अर्धचंद्रासारखं कापलेलं असेल तर काढायची गरज नाही, कापलेली बाजू केसकडे येईपर्यंत फिरवा. पूर्ण डोक्याचे मात्र काढावे लागतात. मशीनभोवती कडं असेल तर ते कोणत्या बाजूने बसलंय, बघून ठेवा.

घड्याळ मऊ कापडावर हळूच पालथं करा, मशीन तळहातावर उतरेल. नाही उतरलं तर केसला बोटाने टिचकी मारा. पट्ट्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. डायल फक्त कडेने धरा. फार जुन्या घड्याळांत अंधारात दिसण्यासाठी डायलवर आणि काट्यांवर रेडियमचा रंग असे. तो आता चमकत नाही, पण किरणोत्सारी आहेच. खरवडू नका, त्यावर फुंकर मारू नका.

मशीन बाहेर आलं की लगेच दांडा परत घाला आणि तो स्क्रू हलका आवळा. चावी दोन्ही जागी खटक्याने थांबते का बघा. थांबत नसेल, दांडा आत-बाहेर नुसताच सरकत असेल, तर लिव्हर सुटलाय. डायल वर येईल असं मशीन धरून खालून स्क्रू फिरवून बघा. कधी कधी आटे पकडतात.