जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क कुरकुर करू लागली, तर

लॅपटॉप सुरू व्हायला फार वेळ लागणे, एखादे फोल्डर उघडताच पडदा गोठणे, फाइल कॉपी करताना ती मध्येच अडकून राहणे, ही लक्षणे दिसू लागली की हार्ड डिस्कवर संशय घ्यावा. मात्र टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू कामांचा भार दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, डिस्कचा वापर १०० टक्के दिसतो, एवढ्यावरून ती बिघडली असे म्हणता येत नाही, कारण मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या जुन्या डिस्कवर विंडोज १० चालवले तर धडधाकट डिस्कही तशीच दमते.

सर्वांत आधी कान देऊन ऐकावे. ‘टक्... टक्...’ असा ठरावीक अंतराने आवाज येऊन डिस्क थांबत असेल आणि पुन्हा सुरू होत असेल, तर आतल्या हेडला, म्हणजे वाचणाऱ्या टोकाला, फिरत्या तबकडीवरचे वाचता येत नसण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी लॅपटॉप तत्काळ बंद करावा. मजकूर मोलाचा असेल तर स्वच्छ कक्षात डिस्क उघडणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच ती द्यावी. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, पण त्याने आत दव धरते आणि उरलीसुरली आशाही जाते.

आवाज नसेल तर तपासणीच्याही आधी बॅकअप घ्यावा, आणि तो बाहेरच्या डिस्कवरच घ्यावा. आपल्याकडे ‘महत्त्वाचे सगळे डी ड्राइव्हवर आहे’ असे निर्धास्तपणे सांगितले जाते. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, आणि डिस्क गेली की दोन्ही जातात. संपूर्ण सी ड्राइव्ह ओढत बसण्यापेक्षा ज्या फाइली पुन्हा मिळणार नाहीत त्या आधी उचलाव्यात: फोटो, कागदपत्रे, हिशेबाचा डेटा. जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसून श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर ते फॉन्टही सोबत घ्यावेत. नाहीतर फाइल शाबूत असूनही पडद्यावर केवळ निरर्थक चिन्हे दिसतील.

यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवत असलेल्या, नोंदी पाहाव्यात. क्रमांक ०५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), आणि सी५ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. हे साधन मूळ आकडे सहसा षोडशमान (१६ च्या पटीत मोजण्याच्या) पद्धतीने दाखवते, त्यामुळे तिथे १० दिसले तर ते १६ समजावेत. ०५ चा आकडा लहान आणि महिनोन्‌महिने स्थिर असेल तर बॅकअप ठेवून काही काळ निभावते. तो वाढत असेल, किंवा सी५ शून्यावर नसेल, तर त्या डिस्कवर नवे काम ठेवू नये. केवळ सी७, म्हणजे डिस्क आणि लॅपटॉप यांच्यातील देवाणघेवाणीतल्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा सैल जोडणीचा असतो, आणि डिस्क काढून नीट बसवल्यावर ती वाढ थांबू शकते. जुना आकडा मात्र पुसला जात नाही.

चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या साधनाचा ‘आर’ पर्याय बॅकअपपूर्वी कधीही चालवू नये. तो डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायला लावतो, आणि मोडकळीला आलेल्या डिस्कला तो ताण अखेरचा ठरू शकतो. लॅपटॉप सुरू होताना विंडोज स्वतःहून तपासणी सुरू करू पाहत असेल, तर मिळालेल्या काही सेकंदांत कळ दाबून ती टाळावी.

साध्या कॉपीत फाइली अडकत असतील तर पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली सुरू करून डीडीरेस्क्यू हे बिघडत्या डिस्कची नक्कल करणारे साधन वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेला भाग मागे ठेवते, आणि कुठवर काम झाले ते एका नकाशा-फाइलमध्ये नोंदवते. त्यामुळे मध्येच थांबवले तरी पुढून सुरू करता येते. ही नकाशा-फाइल बिघडलेल्या डिस्कवर ठेवू नये. आज्ञेत आधी मूळ डिस्क आणि नंतर नवी डिस्क लिहावी लागते. हा क्रम उलटला तर वाचवायचा मजकूरच पुसला जाईल, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही डिस्कचे आकारमान ताडून पाहावे.

डिस्क बदलताना २.५ इंची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपची डिस्क, घ्यावी. ती साधारणपणे ७ मिलिमीटर जाडीची असते आणि जुन्या लॅपटॉपची खाच अनेकदा ९.५ मिलिमीटरची असते, म्हणून ती हलत असेल तर प्लास्टिकची पातळ चौकट लावावी. चार्जर आणि बॅटरी काढल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये. जुनी डिस्क मात्र नव्या जागी फाइली उघडून खात्री होईपर्यंत फॉरमॅट करू नये, आणि भंगारात तर मुळीच देऊ नये.