बदल की सुरक्षितता? टॅरोच्या मदतीने विचार करताना या चुका टाळा

स्थिर नोकरी सोडावी की नाही, जुने नाते धरून ठेवावे की नाही, अशा पेचात सापडलेली माणसे टॅरोचे, म्हणजे कौल घेण्यासाठी वापरले जाणारे चित्रांचे, पत्ते पिसतात आणि बहुतेक वेळा पहिला प्रश्नच चुकीचा विचारतात. ‘मी सोडू का?’ याला पत्त्याकडे उत्तर नसते. त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे होकार किंवा नकार आपणच चित्रात पाहतो. ‘मी नेमके काय धरून बसलो आहे आणि त्यासाठी मला काय मोजावे लागत आहे?’ असे विचारले, तर त्याच चित्रातून पुष्कळ काही हाती लागते.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. बदल म्हणजे धैर्य आणि सुरक्षितता म्हणजे भित्रेपणा, असे आधीच ठरवून पत्ते उलगडले जातात. पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संचातला ‘फोर ऑफ पेंटॅकल्स’ घ्या. मुकुट घातलेला एक माणूस बसलेला आहे. एक नाणे त्याने छातीशी कवटाळले आहे, एक मुकुटावर आहे आणि दोन त्याच्या पावलांखाली आहेत. त्याला लोभी म्हणून पत्ता बाजूला ठेवणे सोपे आहे. मात्र जरा थांबून पाहिले, तर नाणी हातची जाऊ नयेत म्हणून त्याला जागचे हलता येत नाही आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे नवे काही घेताही येत नाही, हे लक्षात येते. या चार नाण्यांना आपापली नावे द्यावीत: पगार, प्रतिष्ठा, अंगवळणी पडलेला दिनक्रम, कोणाची तरी मर्जी. मग यांतले कोणते नाणे खाली ठेवले तरी चालेल, हे स्वतःला विचारावे. ज्याच्या कमाईवर इतरांचे पोट अवलंबून आहे, त्याने पगाराचे नाणे घट्ट धरले तर त्यात लाजण्यासारखे काहीच नाही; कदाचित मर्जीचे नाणे सोडणेच त्याला पुरेसे असेल.

‘डेथ’ या तेराव्या पत्त्याबाबत दोन टोकांच्या चुका होतात. काही जण तो पाहून घाबरतात, तर काही जण ‘हा फक्त परिवर्तनाचा पत्ता आहे’ असे घाईघाईने सांगून मोकळे होतात. दूरवर दोन बुरुजांमध्ये सूर्य दिसतो हे खरे, पण मृत्यूच्या घोड्यापुढे राजा कोसळलेला आहे, हेही तितकेच खरे. जे संपणार आहे त्याचे दुःख मान्य न करता बदलाचे स्वागत केले, तर ते दुःख पुढे वेगळ्या रूपात समोर येते. ‘टॉवर’ आणि ‘एट ऑफ कप्स’ या पत्त्यांतही गल्लत करू नये: पहिल्यात वीज कोसळून माणसे खाली फेकली जातात, दुसऱ्यात नीट रचलेले आठही पेले मागे ठेवून माणूस स्वतःच्या पायांनी निघतो.

मनासारखा पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढत राहण्याची चूक मीही केली आहे. एकाच संध्याकाळी तोच प्रश्न तीनदा विचारला आणि शेवटी कोणताच पत्ता मनावर घेतला नाही. एका प्रश्नासाठी एकदाच पत्ते काढावेत आणि नकोसा वाटलेल्या पत्त्यापाशी अधिक वेळ थांबावे. मेजर अर्काना, म्हणजे ‘डेथ’ किंवा ‘टॉवर’सारखा संचातला मुख्य पत्ता, आला म्हणून त्याला दैवी संकेतही समजू नये. ७८ पत्त्यांत असे २२ पत्ते असतात, त्यामुळे तीन पत्ते काढल्यास किमान एक तरी येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते.

करारातील अटी, शिल्लक रक्कम आणि उपचार यांचे निर्णय मात्र कागदपत्रे तपासून आणि जाणकारांशी बोलूनच घ्यावेत.

पत्ते आवरण्यापूर्वी वहीत तारीख, प्रश्न आणि चित्रात सर्वांत आधी नजर कुठे गेली, एवढे तरी लिहावे. महिन्याभराने तोच पत्ता समोर ठेवून पाहावा: मागच्या वेळी नजर छातीशी धरलेल्या नाण्यावर गेली असेल आणि आता ती माणसाच्या पाठीमागच्या शहराकडे जात असेल, तर तेही त्या नोंदीखाली लिहावे.